‘पर्यंत’ म्हणजे कोठपर्यंत?

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी या गावाहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आमच्या टपालात आले आहे. संपादकांच्या टपालात तक्रारींचा कधीच तोटा नसतो. नळाला पाणी नाही, रस्त्याला दिवा नाही, कचेरीत माणूस जागेवर नाही! असल्या पत्रांना आम्ही आतल्या पानावर जागा देतो आणि आमचे कर्तव्य संपले असे समजतो. परंतु या पत्रासोबत गुरुजींनी शाळेच्या वहीची चार पाने जोडली आहेत आणि त्या चार पानांनीच आजचा अग्रलेख आमच्याकडून लिहवून घेतला आहे. वार, वेळ आणि आकडा अशा तीन रकान्यांत सात दिवसांची नोंद त्यांवर सुबक अक्षरात केलेली आहे. हा आकडा पावसाचा नाही, की बाजारभावाचा नाही. गुरुजींच्या घरातील संगणकावर इंटरनेटमधून फाइल किती वेगाने उतरते, त्याचा तो आकडा आहे.

एका खेड्यातील एका घरच्या संगणकाचे रडगाणे पहिल्या पानावर कशासाठी, असा प्रश्न आमच्या नागर वाचकांना पडेल. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, काल रात्री नऊ वाजता तुमच्या स्वतःच्या घरात काय चालले होते? पडद्यावरचे ते चक्र गरगर फिरत होते की नव्हते? घरातल्या तीन माणसांनी एकमेकांवर डोळे वटारून ‘तू काय लावले आहेस?’ असे विचारले की नाही? धर्मापुरीचे दुखणे ते आपलेच दुखणे आहे. फरक इतकाच की गुरुजींनी त्याची नाडी पाहिली आणि आपण नुसते कण्हत बसलो!

आता हकीकत ऐका. धर्मापुरी हे अंबाजोगाई आणि परळी यांच्या परिसरातले गाव. केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते ठाऊक असते. इतरांना ठाऊक असण्याचे कारण नाही. गुरुजींची मुलगी तेथे राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. पुण्यात खोली घेऊन शिकवणीवर्गाची फी भरण्याची ऐपत नसलेल्या, किंवा ऐपत असूनही आईबापांना सोडून जाऊ न शकणाऱ्या शेकडो मुलामुलींप्रमाणे ती चित्रित केलेली व्याख्याने संगणकावर उतरवून घेते आणि ऐकते. एक व्याख्यान सुमारे १८०० मेगाबाइटचे. घरात फायबरची जोडणी आहे आणि तिच्या बिलावर ‘१०० मेगाबिटपर्यंत’ असे ठळक अक्षरात छापलेले आहे. असे असता एक व्याख्यान उतरायला तीन तास लागत! परीक्षेची तारीख जवळ येत चाललेली आणि मुलगी रात्री अकरा वाजता पडद्यावरच्या त्या निळ्या पट्टीकडे डोळे लावून बसलेली. गुरुजींनी कंपनीकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, आमच्याकडून वेग पूर्ण आहे!

येथे वाचकांनी थोडे अंकगणित सोसावे. बिलावरचा आकडा असतो मेगाबिटचा, आणि फाइलचे माप असते मेगाबाइटचे. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच आणते, शंभर नव्हे. कित्येक सुशिक्षित माणसे या एका अक्षराच्या फरकाने फसतात आणि कंपनीवर नाहक दात खातात. कंपन्यांनाही हा घोटाळा दूर करण्याची घाई आहे असे दिसत नाही. पण हा हिशेब धरूनही १८०० मेगाबाइटचे व्याख्यान २ मिनिटे २४ सेकंदांत उतरले पाहिजे. ते तीन तासांत उतरते याचा अर्थ वेग दीड मेगाबिटसुद्धा नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेला इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून ९.६ किलोबिटचा वेग मिळत असे. त्या वेगाने हे व्याख्यान उतरायला सुमारे १७ दिवस लागले असते, हे आम्हांला मान्य आहे. पण बैलगाडीच्या आठवणी सांगून मोटारीच्या उतारूचे समाधान करता येत नाही!

कंपनीला शिव्या घालण्याऐवजी गुरुजींनी पुढे जे केले, त्याचे आम्हांला मनापासून कौतुक वाटते. त्यांनी आधी स्वतःचे घर तपासले. पहाटे सहा वाजता, गाव झोपेत असताना, त्यांनी घरातले सगळे मोबाइल बंद केले, संगणक उचलून राउटरशेजारी नेला, मध्ये वायफाय न ठेवता केबलने सरळ जोडला आणि वेग मोजला. आकडा आला ९४ मेगाबिट! १०० मेगाबिटच्या खाचेतून प्रत्यक्षात साधारण एवढेच मिळते. उरलेले प्रत्येक तुकड्यावरच्या पत्त्यानिशाण्यांत खर्ची पडते. म्हणजे दारापर्यंतची तार ठणठणीत होती. त्यानंतर तोच संगणक मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत नेऊन वायफायवर त्याच पहाटे मोजला, तर आकडा ९ वर आला. दहा हिस्से माल घराच्या ओसरीवर उतरला आणि मुलीच्या खोलीपर्यंत पोचेतो एक हिस्सा उरला!

चोर कोण? मराठवाड्यातील जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांच्या ध्यानात हे ताबडतोब येईल. वर माळवद, खाली दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. उन्हाळ्यात ज्या भिंती घर थंड ठेवतात, त्याच भिंती वायफायच्या लहरी गिळून बसतात. त्यात राउटर ठेवला होता कोनाड्यात, म्हणजे तिन्ही बाजूंनी दगड, आणि शेजारी लोखंडी कपाट! वायफायच्या लहरी मुख्यत्वे दोन प्रकारच्या असतात. पाच गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारी; आणि २.४ गिगाहर्ट्‌झची सावकाश, पण भिंतीतून थोडी अधिक पार जाणारी. दोन भिंतींपलीकडे पहिली पोचतच नव्हती आणि दुसरी अर्धमेली होऊन पोचत होती. शहरातील वाचकांनी येथे हसू नये. त्यांच्या विटांच्या भिंती पातळ आहेत हे खरे, परंतु एका मजल्यावर चार बिऱ्हाडे आणि प्रत्येकाचा राउटर एकाच २.४ च्या पट्ट्यात कालवा करीत असतो. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीनच आहेत, पहिला, सहावा आणि अकरावा. आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हची भट्टीसुद्धा त्याच पट्ट्यात खडखडाट करते. गुरुजींना दगड आडवा येतो, आपल्याला शेजारी!

लहरी क्षीण झाल्या की नुसता वेगच कमी होतो असे नव्हे. इंटरनेटवरून येणारी फाइल बारीक तुकड्यांनी येते, आणि तुकडा हरवला की पाठवणारा संगणक ‘रस्त्यात गर्दी आहे’ असे समजून आपला हात आखडता घेतो. हा शहाणपणा त्याला अनुभवाने शिकवावा लागला. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठ आणि तेथून चारशे यार्डांवरची प्रयोगशाळा यांमधला ३२ किलोबिटचा वेग गर्दीमुळे कोसळून ४० बिटवर आला होता. व्हॅन जेकबसन यांनी त्याची कारणे शोधली आणि हात आखडण्याची ही रीत १९८८ साली मांडली. सारे इंटरनेट कोसळून पडत नाही, त्याचे बरेचसे श्रेय या रीतीकडे जाते. पण खराब वायफायवर तीच रीत उलटते. तुकडा भिंतीत हरवतो, पाठवणाऱ्याला वाटते गर्दी झाली, आणि तो विनाकारण पावले मंद करतो.

गुरुजींना दुसरा चोर सापडला तो घरातल्यांच्याच खिशात. चारही मोबाइल दिवसभरचे फोटो आणि चित्रफिती रात्री आपणहून दूरच्या साठवणीकडे पाठवीत होते. बाहेर जाणारी वाट अशी तुंबली की आत येणाऱ्या मालाच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात, आणि पोचपावती मिळाल्यावाचून पुढचा माल सुटत नाही. खुद्द संगणकही साळसूद नव्हता. तो आतल्या आत स्वतःच्या प्रणालीची नवी आवृत्ती उतरवून घेत होता, आणि एकदा उतरवलेले तुकडे बाहेरच्या अनोळखी संगणकांना वाटण्याची मुभा त्याने कोणालाही न विचारता घेतली होती! ही मुभा एका कळीने बंद करता येते. ती कळ कोठे आहे हे शोधायला गुरुजींना एक सकाळ लागली, एवढेच.

मग त्यांनी कोनाड्यातला राउटर काढून ओसरीवर उंच जागी ठेवला. मुलीच्या खोलीपर्यंत दाराच्या चौकटीतून केबल ओढली. असली केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार काम देते. मोबाइलांची पाठवापाठव पहाटेवर ढकलली. त्याच आठवड्यात एका परिचिताने त्यांना ‘वेग वाढवणारे’ एक फुकट सॉफ्टवेअर देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले हे फार बरे झाले. असली बहुतेक सॉफ्टवेअरे वेग वाढवीत नाहीत, संगणकावरचा भार मात्र वाढवतात. नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, जिला डीएनएस म्हणतात, ती बदलली की सारे सुरळीत होते असाही एक रामबाण लोक सांगत फिरतात. तिने संकेतस्थळ लवकर उघडेल कदाचित, पण चालू असलेल्या डाउनलोडचा नळ त्यामुळे तसूभरही रुंद होत नाही.

या साऱ्या उपायांनंतर रात्री नऊ वाजता तेच व्याख्यान किती वेळात उतरले? बावीस मिनिटांत! तीन तासांचे बावीस मिनिटांवर आले ते कंपनीचा एक माणूसही घरी न येता. तेव्हा हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे की दुखण्याचा मोठा भाग घरातलाच होता आणि जो ग्राहक स्वतःची भिंत न पाहता कंपनीच्या नावाने खडे फोडतो तो निम्म्याहून अधिक वेळा चुकतो. आमच्या कचेरीतही हेच घडले. या पत्रानंतर आम्ही शिडी मागवून आमचा राउटर पाहिला. तो जुन्या अंकांच्या गठ्ठ्यामागे गाडला गेला होता!

पण बावीस मिनिटे म्हणजे २ मिनिटे २४ सेकंद नव्हेत. उरलेली ही नऊपटीची तफावत कोणाच्या भिंतीत मुरली? गुरुजींची वही येथे साक्षीला उभी राहते. पहाटे सहा, ९४ मेगाबिट. दुपारी दोन, सत्तरच्या आसपास. रात्री आठ ते दहा, ११ मेगाबिट. सातही दिवस, केबलवर, घरातले इतर सर्व काही बंद ठेवून. घर तेच, तार तीच, संगणक तोच. बदलले ते फक्त घड्याळ! फायबरच्या प्रचलित पद्धतीत एकाच धाग्यावर ३२ किंवा ६४ घरे फांद्यांनी जोडतात आणि त्या साऱ्यांत मिळून सुमारे २,४८८ मेगाबिट असतात. चौसष्ट घरांनी एकदम मागणी केली तर वाट्याला ३९ येतील. म्हणजे ११ चे उत्तर या धाग्यातही मिळत नाही. गावाबाहेर पडणारा कंपनीचा मुख्य मार्गच रात्रीच्या मागणीला पुरत नाही, असाच निष्कर्ष काढावा लागतो. क्वचित दोष त्याहूनही दूर असतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या आणि भारतातल्या कचेऱ्यांतले संगणक मंदावले, हे अनेकांना आठवत असेल. परंतु समुद्रातली केबल रोज रात्री आठला तुटून दहाला जोडली जात नाही!

गुरुजींनी ही पाने दाखवून चौथ्यांदा तक्रार केली तेव्हा त्यांना काय सल्ला मिळाला असेल? वरची, अधिक पैशांची योजना घ्या! रस्ता अरुंद आहे, म्हणून तुम्ही मोठी मोटार विकत घ्या, असे सांगण्यासारखेच हे झाले. आणि या उर्मट सल्ल्याला आधार कशाचा? बिलावरच्या त्या तीन अक्षरांचा, ‘पर्यंत’!

वाचकहो, वाण्याने तुम्हांला ‘एक किलोपर्यंत’ साखर दिली आणि घरी येऊन पाहता ती एकशेदहा ग्रॅम भरली, तर तुम्ही काय कराल? या देशात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि २००९ साली या विषयाचा नवा कायदा झाला. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा निव्वळ वजन छापावे लागते. ‘शंभर ग्रॅमपर्यंत’ असे छापणारा कारखानदार दंड भरील. मग इंटरनेट तेवढे मापातून सुटले कसे?

मापे अगदी नाहीत असेही नाही. २००४ च्या धोरणाने २५६ किलोबिटच्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले, २०१३ साली तो आकडा ५१२ झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. २ मेगाबिटच्या वेगाने गुरुजींच्या मुलीचे व्याख्यान दोन तासांत उतरेल. जाहिरात २ मिनिटे २४ सेकंदांचे वचन देते आणि सरकारी व्याख्या दोन तासांवर संतुष्ट असते. या दोहोंमधल्या ऐसपैस मैदानात ‘पर्यंत’ हा शब्द मोकाट चरतो आहे. शिवाय व्याख्येतले हे माप धरायचे ते कंपनीच्या सेवाकेंद्रापासून, आणि तेही ‘क्षमते’चे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली सेवेच्या दर्जाचे नियम केले, त्यांत ग्राहकाने घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग त्याला मिळावा असे बजावले होते. दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. नियम चांगलेच आहेत. पण त्यांचे आकडे कंपन्यांच्या तिमाही अहवालांत नांदतात. धर्मापुरीच्या ओसरीवर पडणाऱ्या बिलात त्यांचा मागमूस नसतो. सगळ्या जाळ्याची सरासरी उत्तम निघाली, म्हणून एका गावची रात्र सुधारत नाही.

इंग्लंडातही ‘पर्यंत’चा हा खेळ चालत असे. तेथे २०१८ पर्यंत जाहिरातीतला वेग दहा टक्के ग्राहकांना मिळाला तरी पुरे होता, नव्वद जणांनी नुसती जाहिरात वाचायची! २३ मे २०१८ पासून तेथील जाहिरात नियंत्रकांनी दंडक घातला की जो आकडा छापाल तो रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी किमान निम्म्या ग्राहकांना मिळाला पाहिजे, आणि त्याला ‘सरासरी’ म्हटले पाहिजे. नेमक्या त्याच दोन तासांनी गुरुजींची वही भरली आहे! तेथील नियामकाच्या आचारसंहितेनुसार १ मार्च २०१९ पासून तीत सहभागी झालेल्या कंपन्या जोडणी विकण्याआधीच ग्राहकाला किमान वेग सांगतात, आणि तो घसरला व तीस दिवसांत सुधारला नाही तर ग्राहक दंड न भरता करार सोडू शकतो. ही संहिता स्वेच्छेची आहे. आपल्याकडे स्वेच्छेवर विसंबून चालेल असे आम्हांला वाटत नाही.

सरकारने धाग्यांवर खर्च करायचे काही बाकी ठेवलेले नाही. अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली, २०१५ साली तिचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. येथेही तोच शब्द आडवा येतो. तार पंचायतीपर्यंत! पंचायतीच्या कपाटापासून अभ्यासाच्या मेजापर्यंतचा रस्ता कोणी मोजायचा? आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या अंबाजोगाईत आहे, तिच्या परिसरातली मुलगी मराठी व्याख्यान ऐकण्यासाठी मध्यरात्रीपर्यंत जागते, ही गोष्ट आम्हांला तरी लाजिरवाणी वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रत्येक बिलावर दोन आकडे ठळक छापले जावेत, रात्री आठ ते दहाचा त्या भागातला सरासरी वेग आणि ज्याखाली कंपनी जाणार नाही तो किमान वेग. किमान वेग न मिळाल्यास त्या दिवसांचे पैसे न मागता वळते व्हावेत, आणि महिन्याभरात सुधारणा न झाल्यास ग्राहकाला अनामतीसह मोकळे करावे. ‘पर्यंत’ हा शब्द बिलावरून हद्दपार व्हावा. नियामक प्राधिकरणाने मनावर घेतले तर याला नवा कायदा करण्याचीही गरज पडू नये.

तोवर ग्राहकाने काय करावे? गुरुजींनी केले ते. आधी केबल लावून पहाटे मोजावे, मग रात्री मोजावे. वेग मोजणारी स्थळे बहुधा जवळच्याच संगणकापर्यंतचा वेग दाखवतात, म्हणून सोबत एखादी खरीखुरी फाइल घड्याळ लावूनही उतरवावी. सात दिवसांची नोंद ठेवावी, तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा, आणि उत्तर न पटल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. तेथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. टेलिफोन कंपन्यांविरुद्धची तक्रार ग्राहक मंच ऐकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. त्याआधी बरीच वर्षे कंपन्या या दारावर ‘आत येण्यास मनाई’ची पाटी दाखवीत असत.

गुरुजींनी आपले अपील दाखल केले आहे आणि वहीची मूळ पाने स्वतःजवळ ठेवून प्रती पाठवल्या आहेत. अपिलाला जे उत्तर येईल ते आम्ही याच जागी छापू. दरम्यान वाचकांनी आपापल्या घरातली रात्री नऊची आणि पहाटे सहाची नोंद, जोडणी केबलने होती की वायफायने याच्या उल्लेखासह, आमच्याकडे पाठवावी.